बेडूक कोणी मारला

बाजाराच्या कोपऱ्यावर, चष्म्याच्या दुकानाला पाठ लावून, चार फूट बाय सहा फुटांचं एक दुकान होतं. पाटी मात्र दुकानाहून मोठी: 'चॅम्पियन किल्ली सेंटर'. आत बसणारा माणूस चाळिशीचा, पोट थोडं सुटलेला, बोटांना कायम पितळेचा कीस लागलेला. त्याला घरचे, शेजारचे, अगदी पाणी द्यायला येणारा माणूससुद्धा चॅम्पियन म्हणायचा. कशातला चॅम्पियन, असं एखाद्या गिऱ्हाइकाने विचारलं की तो मान खाली घालून कानस चालवायचा आणि गालातल्या गालात हसायचा. लोकांना तो विनय वाटायचा. विनय कसला आलाय, आयत्या बिळावरचा नागोबा होता तो. आणि ही गोष्ट इतकी वर्षं जगात दोघांनाच ठाऊक होती: एक तो स्वतः, आणि दुसरी त्याची थोरली बहीण.

गोष्ट एकतीस वर्षांपूर्वीची. घरात टीव्हीला जोडायचा एक जुना गेम आला होता. कॅसेटवरचा कागद आधीच्या मालकाने कधीच खरवडून टाकलेला, त्यामुळे गेमचं खरं नाव कोणालाच कळलं नाही. घरात त्याला बेडूकवाला गेम म्हणत. डोक्यावर बादली पालथी घातलेला एक ठेंगू माणूस किड्यांवरून उड्या मारत आठ पातळ्या पार करायचा, आणि शेवटी एका विहिरीच्या काठावर अख्खा पडदा भरेल एवढा चामखिळीवाला बेडूक बसलेला असायचा. त्याच्यामागे पिंजऱ्यात राणी. सगळ्या गल्लीत त्या बेडकापुढे कोणाचं काही चाललेलं नव्हतं.

त्या दुपारी ताई तेरा वर्षांची होती आणि हा नऊ. ताई दोन तास जागची हलली नव्हती. शेवटी तिने बेडूक मारला, पडद्यावर फटाके फुटायला लागले, आणि नेमक्या त्याच क्षणी स्वयंपाकघरातलं दूध उतू गेलं. गेमचा रिमोट याच्या हातात कोंबून, काही दाबू नकोस एवढं बजावून ती गॅस बंद करायला पळाली. तेवढ्यात काका दोन शेजाऱ्यांना घेऊन दारात. पडद्यावर फटाके, पिंजरा उघडलेला, राणी नाचतेय, आणि रिमोट कोणाच्या हातात? नऊ वर्षांच्या पोराच्या. काकांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि चॅम्पियन, चॅम्पियन असं ओरडत गल्लीभर मिरवलं. ताई फडकं हातात घेऊन बाहेर आली तेव्हा तिला दूध सांडल्याबद्दल बोलणी खावी लागली.

पोरगं नऊ वर्षांचं होतं, खांद्यावरून जग फार छान दिसत होतं, त्याने तोंड उघडलं नाही, इथवर आपण समजू शकतो. पण त्यानंतर एकतीस वर्षं त्याने तोंड उघडलं नाही, हे जरा अतिच झालं. उलट गोष्ट दरवर्षी थोडी थोडी फुगत गेली. आधी बेडूक दहा मिनिटांत मेला होता, मग पाच, मग एका दमात. ताई मूग गिळून ऐकत राहिली. ती गाडी शिकवण्याच्या शाळेत मास्तरीण होती. शिकाऊ माणसाने भिंतीवर गाडी नेली तरी आवाज न चढवता 'आता मागे घ्या' म्हणायची. तेवढा संयम घरीही पुरला होता.

अकरा महिन्यांपूर्वी तो संपला. काकांच्या घरी जेवण होतं. काकांनी नव्या शेजाऱ्यांना ओळख करून देताना बेडकाची गोष्ट सांगायला लावली, आणि चॅम्पियनने सांगता सांगता एक नवी फोडणी घातली. म्हणाला, बेडूक पाहून ताई तर घाबरून रडायला लागली होती, मी म्हटलं सरक बाजूला. सगळे हसले. ताईने चमचा ताटात ठेवला, पर्स उचलली आणि गेली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. निरोप जायचे ते भावोजी आणि याची बायको यांच्यामार्फत, दोन देशांचे वकील बोलतात तसे.

सुरुवातीला त्याला वाटलं, येईल राग उतरला की. मग महिने गेले. तिचा फोन नसला की रविवार किती मोठा असतो ते त्याला कळायला लागलं. नव्या प्रकारचं कुलूप आलं की तो सवयीने ते ताईला दाखवायला फोन उचलायचा, आणि मग ठेवायचा. त्याला ताई परत हवी होती. त्यासाठी काय बोलायला हवं हेही त्याला पक्कं माहीत होतं, पण ते वाक्य घशापर्यंत यायचं आणि तिथून मागे वळायचं. सगळ्या नातेवाइकांसमोर, दुकानावर एवढी मोठी पाटी असताना, कसं बोलणार?

अशात त्याला एक नवा नाद लागला. जुन्या गेमच्या फाईली उघडून त्यांत मनासारखे बदल करणारे हौशी लोक जगभर पसरलेले आहेत, हे त्याला इंटरनेटवर कळलं. कोणी नायकाला मिशा लावतो, कोणी राक्षसाला आपल्या साहेबाचं तोंड देतो, कोणी सगळा गेम पाण्याखाली नेतो. पैसा मिळत नाही, बायकोच्या शिव्या मिळतात. चॅम्पियनला हे लोक एकदम आपले वाटले. किल्लीचं तरी दुसरं काय असतं? पितळेच्या पट्टीवर एक एक खाच मोजून घासायची, एक जरी जास्त खोल गेली तर कुलूप उघडत नाही.

आणि मग त्याच्या डोक्यात कल्पना आली. बेडूकवाला गेम घ्यायचा. बादलीवाल्याच्या जागी ताई घालायची. पिंजऱ्यात राणीऐवजी स्वतः बसायचं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून. आणि शेवटी, बेडूक मेल्यावर, फटाक्यांच्या खाली एक ओळ: 'हा बेडूक पहिल्यांदा ताईने मारला. मी नाही. माफ कर.' आईच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला सगळे जमतील, ताई खेळेल, ओळ पडद्यावर येईल, सगळे वाचतील. आपल्याला तोंड उघडायलाच नको.

बायको औषधांच्या दुकानात कामाला होती, कडू गोष्टी सरळ हातावर ठेवायची तिला सवय होती. त्या ओळीचा कच्चा कागद हाती लागला तेव्हा ती म्हणाली, "एवढं करण्यापेक्षा फोन करून सांग ना. दोन मिनिटांचं काम आहे."

"तोंडाने नाही जमत," तो म्हणाला.

तर दोन मिनिटांचं काम टाळण्यासाठी या गृहस्थाने चार महिने घातले. दुकानात किल्ली घासायच्या यंत्राशेजारी जुना लॅपटॉप उघडायचा, आणि दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये बादलीच्या आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात ताईचं डोकं बसवायचं. चौसष्ट ठिपक्यांत चष्मा, घट्ट अंबाडा आणि कपाळावरची आठी. चष्मा आला तर आठी बसेना, आठी बसवली तर अंबाडा बुटासारखा दिसे. सहाव्या आठवड्यात एका क्षणी ताईने पडद्यावरून त्याच्याकडे असं काही बघितलं की तो दचकून खुर्चीत सरळ बसला. मग किड्यांच्या शिकाऊ मोटारी केल्या, डगमगत चालणाऱ्या. शेवटच्या ओळीसाठी तर मराठी अक्षरंच नव्हती, ती एक एक करून घडवली. गाणंही बदलायचा प्रयत्न केला, पण ते कुलूपबंद खोलीत अडकलेल्या मांजरासारखं वाजायला लागलं तेव्हा मुकाट्याने जुनंच ठेवलं.

या हौशी मंडळींत एक जाणता माणूस होता, स्वतःला गोगलगाय म्हणवून घ्यायचा. त्याने चॅम्पियनला आधीच लिहून कळवलं होतं, की जुन्या गेममध्ये जागा फार कमी असायची, म्हणून बनवणारे एकच चित्र चार ठिकाणी वापरायचे, रंग बदलून नाहीतर उलटं करून. म्हणून एक चित्र बदललं की सगळा गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून बघ. चॅम्पियनने आभार मानले आणि सातव्या पातळीपर्यंत खेळून बघितलं. आठवीपर्यंत तो जन्मात कधी पोचला नव्हता, आताही पोचला नाही. मग त्याने फाईलमध्येच युक्ती करून थेट शेवटच्या पडद्यावर उडी मारली. फटाके ठीक, पिंजरा ठीक, ओळ ठीक. राहिला बेडूक. पण बेडकाला आपण हातच लावला नाही, मग त्यात बघायचं काय, असा त्याने विचार केला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

वाढदिवसाच्या दुपारी आईच्या घरी सगळे जमले. ताई आली ती आईजवळ बसली, काकांशी बोलली, चॅम्पियनच्या बायकोला मिठी मारली, आणि चॅम्पियन ज्या खुर्चीत होता त्या खुर्चीच्या वरच्या भिंतीकडे बघून पुढे गेली. त्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि आईसाठी एक गंमत आणलीय असं जाहीर केलं. ताई आपण होऊन खेळणार नाही हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने गेमचा रिमोट काकांच्या हातात दिला.

काका पहिल्याच मोटारीखाली गेले. पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी ते उडी मारायची सोडून मागे पळायला लागले. चौथ्या वेळी ताईच्या पायाची बोटं फरशीवर हलायला लागली. गाडी चुकीची चालवणारा माणूस समोर असताना गप्प बसणं हे तिच्या रक्तातच नव्हतं. पाचव्या वेळी तिने काही न बोलता काकांच्या हातातून रिमोट काढून घेतला.

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. एकतीस वर्षांनी हातात घेतलेला गेम, पण अंगठे काही विसरले नव्हते. पडद्यावरच्या छोट्या ताईचा अंबाडा बघून आई हसली, भावोजी हसले. डगमगणाऱ्या मोटारी बघून ताईच्या ओठाचा एक कोपरा हलला, चॅम्पियनने तो हलताना स्वतः पाहिला. तिसरी पातळी गेली, पाचवी गेली. अन्न गार झालं, कोणी उठलं नाही. सातवी गेली तेव्हा चॅम्पियन पुढे सरकून बसला, कारण यापुढचं त्यालाही नवीन होतं. आता दहा मिनिटांत ओळ येईल आणि सगळं मिटेल, असं मनाशी म्हणत त्याने कपाळ पुसलं.

विहीर आली. बेडूक आला.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, ही म्हण तोवर चॅम्पियनने शंभरदा वापरली असेल, पण तिचा अर्थ त्याला त्या दिवशी कळला. बेडकाच्या अंगावर चौदा चामखिळी होत्या. गेम बनवणाऱ्यांनी जागा वाचवायला बादलीचंच चित्र उलटं करून, हिरवं रंगवून तिथे चिकटवलेलं होतं. आणि बादलीच्या जागी आता कोण होतं? बेडकाच्या पोटावर, पाठीवर, हनुवटीखाली चौदा ताया, सगळ्या हिरव्या, सगळ्या उलट्या, प्रत्येकीच्या डोळ्यांवर चष्मा आणि कपाळावर आठी. बेडूक फुगला की चौदाही जणी फुगत होत्या.

भावोजींच्या तोंडातून काहीतरी निसटलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. ताईने खेळ थांबवला. बेडूक फुगलेला तसाच राहिला. तिने रिमोट मांडीवर ठेवला आणि अकरा महिन्यांनी पहिल्यांदा भावाकडे वळून बघितलं.

"हे काय आहे?"

चॅम्पियनने सांगितलं. बादली आणि चामखीळ हे एकच चित्र असतं, जागा वाचवायला. आपण फक्त बादली बदलली, चामखिळी आपोआप बदलल्या. मुद्दाम काहीच केलेलं नाही.

"सगळ्यांसमोर लावण्याआधी बघितलं नाहीस?"

"शेवट बघितला. बेडूक नाही बघितला."

"का?"

काका मध्येच म्हणाले, की हे मात्र आश्चर्यच, बेडूक मारणं म्हणजे तर आपल्या चॅम्पियनच्या डाव्या हातचा मळ. आईनेही मान डोलावली. सगळे उत्तराची वाट बघत होते. चॅम्पियनकडे एक सोपं उत्तर तयार होतं: वेळ मिळाला नाही. पण ताईचा हात पर्सवर गेलेला त्याला दिसला. वेळ मिळाला नाही म्हटलं तर तिला वाटणार, याने जाणूनबुजून आपला बेडूक केला. ती उठणार, आणि या वेळी गेली की गेली. ओळ पडद्यामागे होती, बेडकाच्या पलीकडे, तिथवर आता कोणी जाणार नव्हतं.

"मला तिथपर्यंत पोचताच येत नाही," तो म्हणाला. "सातवीच्या पुढे मी कधी गेलोच नाही, ताई. लहानपणीसुद्धा नाही. बेडूक तू मारलास. मी नुसता रिमोट धरला होता. आणि तू रडली बिडली नव्हतीस. ते मी बनवून सांगितलं. चुकलं माझं."

झालं, बोलून झालं. एकतीस वर्षं अडकलेलं कुलूप उघडलं, आणि छप्पर काही पडलं नाही. त्याला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आता काका चिडतील, आई मान फिरवेल, पाटी उतरवावी लागेल. उतरवू, त्यात काय, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

काकांनी चष्मा काढला आणि रुमालाने डोळे पुसले.

"बघा," ते म्हणाले. "याला म्हणतात मोठं मन. बहिणीच्या आनंदासाठी माणूस स्वतःचं नावसुद्धा सोडायला तयार आहे."

आईनेही पदर डोळ्यांना लावला. लहानपणापासून असाच आहे, म्हणाली, बहिणीला कधी कमीपणा येऊ दिला नाही. भावोजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. चॅम्पियन गडबडला. त्याने सांगितलं की नाही हो, खरंच, मी मारलेलाच नाही. काका म्हणाले, विनय बघा. त्याने दूध उतू गेल्याची सगळी हकीकत सांगितली. आई म्हणाली, दूध सांडलं होतं खरं, ताईचं लक्षच नव्हतं. त्याने शपथ घेतली. शपथेने तर काका इतके हेलावले की त्यांना पाणी द्यावं लागलं. तो जितकं खरं बोलत होता तितका मोठा होत चालला होता. शेवटी त्याने घाबरून ताईकडे बघितलं, जत्रेत चुकलेलं पोर बघतं तसं.

ताईचे खांदे हलत होते. आधी त्याला वाटलं रडतेय. पण ती हसत होती, आवाज न करता, पदराने तोंड दाबून, डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत. खूप वेळाने तिने श्वास घेतला.

"आता कळलं?" ती त्याला म्हणाली. "मी का कधी बोलले नाही ते?"

त्याला कळलं. एकतीस वर्षं तो समजत होता की ताई त्याच्यावर दया करून गप्प बसली. ती बोलली असती तरी या खोलीत तिचं ऐकणारं कोणी नव्हतं, आणि त्याचंच कोणी ऐकत नव्हतं तर तिचं काय ऐकणार.

"माफ कर," तो म्हणाला.

"केलं," ताई म्हणाली, आणि रिमोट उचलला.

बेडूक अकरा सेकंदांत मेला. त्याला मारायचंच नसतं, असं कळलं. सरळ त्याच्या हनुवटीखाली जाऊन गप्प उभं राहायचं, तो चिडून आपणहून उडी मारतो आणि विहिरीत पडतो. चौदाही ताया फुगलेल्या चेहऱ्यांनी खाली गेल्या, फटाके फुटले, किल्ल्यांचा जुडगा लावलेला चॅम्पियन पिंजऱ्यातून बाहेर येऊन नाचायला लागला, आणि खाली ओळ उमटली. काकांनी ती मोठ्याने वाचली. बिचाऱ्याने लिहूनसुद्धा ठेवलंय, म्हणाले, आणि टाळ्या वाजवल्या, त्याही चॅम्पियनकडे बघून. बायको दारातून सगळं बघत होती. तिने फक्त कपाळावर हात मारला आणि अन्न गरम करायला गेली.

ताईने सोफ्यावर सरकून जागा केली आणि शेजारची उशी थोपटली.

"बस इथे. आधी आठवीपर्यंत पोचायला शिकवते. उडी मारताना आधी बघायचं, मग दाबायचं. तू आधी दाबतोस."

तो बसला. तिने रिमोट त्याच्याकडे दिला आणि गेम पहिल्यापासून लावला. पहिल्याच पातळीवर, पहिल्याच मोटारीखाली, चॅम्पियन सपाट झाला.

मागे काका आईच्या कानाशी वाकले. त्यांची कुजबुज नेहमीसारखी शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढी होती.

"बघितलंत वहिनी? मुद्दाम हरतोय."